तिसाव्या वर्षी थांबलेला हात : सँडी कोफॅक्स

रॅरिटनकाठ

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात एका रात्री जेवताना आमच्या मुलाने चमचा उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतला. वय तेरा, इथे न्यू जर्सीत एका क्लबाच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाबा, कोपर जरा दुखतंय." किती दिवस? तीन आठवडे. मग सांगितलं का नाहीस? "सांगितलं असतं तर खेळवलं नसतं ना."

त्या रात्री झोप आली नाही. पिचरांच्या कोपराबद्दल वाचत बसलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याच्याबद्दल इथे लिहितोय, कारण गेले कित्येक दिवस तो डोक्यातून जात नाही.

सँडी कोफॅक्स. डावखुरा पिचर. जन्म ३० डिसेंबर १९३५, न्यू यॉर्कमधलं ब्रुकलिन. जन्माचं आडनाव ब्रॉन. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले, पुढे आईने अर्व्हिंग कोफॅक्स या वकिलांशी लग्न केलं आणि मुलाने त्यांचंच नाव लावलं. शाळेत बास्केटबॉल हा त्याचा खरा खेळ. बेसबॉलमध्ये तो फर्स्ट बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) क्षेत्ररक्षक म्हणून उभा राहायचा. हातात वेग आहे हे दिसल्यावर कोणीतरी त्याला पिचिंगला लावलं. सिनसिनाटी विद्यापीठातही तो बास्केटबॉल खेळला आणि जोडीला थोडं बेसबॉल. डिसेंबर १९५४ मध्ये, म्हणजे एकोणीस पूर्ण व्हायच्या आत, ब्रुकलिन डॉजर्सने त्याला करारबद्ध केलं. १४,००० डॉलर बोनस आणि ६,००० डॉलर पगार.

इथेच त्याच्या पायात बेडी पडली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस घेतलेल्या नव्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागे, शिकायला खालच्या लीगमध्ये पाठवता येत नसे. समजा, क्लब नाही, रणजी नाही, आणि एखाद्या पोराला थेट कसोटी संघात घेतलं, वर दोन वर्षं बाहेर काढायची सोय नाही. मग काय होणार? तो बाकावर बसून राहणार. कोफॅक्स बसून राहिला. २७ ऑगस्ट १९५५ ला त्याने पहिला सामना जिंकला, तो १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट करून (म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद करून) आणि एकही धाव न देता. तरी त्या पूर्ण वर्षात त्याच्या वाट्याला जेमतेम ४२ डाव आले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ब्रुकलिनने वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आलं होतं. हा मात्र त्या संध्याकाळी कोलंबिया विद्यापीठात वास्तुशास्त्राच्या तासाला गेला!

वेग होता, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. पहिल्या सहा वर्षांत ३६ विजय आणि ४० पराभव. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, तिथेही तेच. १९६०चा मोसम संपला तेव्हा त्याने आपले ग्लव्हज आणि बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. संघाचं सामान सांभाळणारे नोबी कावानो यांनी ते उचलून ठेवले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१९६१ च्या वसंतातला एक सराव सामना. नॉर्म शेरी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. कोफॅक्सने सलग वॉक (चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) देऊन तिन्ही बेस भरून टाकले होते. शेरी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला ते साधारण असं : इतका जोर लावू नकोस, सहज टाक, त्यांना मारू दे. कोफॅक्सने जोर कमी केला आणि त्या डावातले पुढचे तिघं स्ट्राइकआउट होऊन परत गेले. जोर सोडला, तर चेंडू हवा तिथे पडू लागला, आणि वेगही फारसा कमी झाला नाही.

पुढची सहा वर्षं : १२९ विजय, ४७ पराभव. १९६२ ते ६६ अशी सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए. चार नो-हिटर, वर्षाला एक अशी चार वर्षं ओळीने. १९६५ मध्ये ३८२ फलंदाज स्ट्राइकआउट. सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक तेव्हा दोन्ही लीग मिळून एकालाच मिळायचं. ते १९६३, ६५ आणि ६६ मध्ये त्याला मिळालं, आणि तिन्ही वेळा एकमताने.

आणि मग कोपर.

ऑगस्ट १९६४ मध्ये सेकंड बेसकडे परत सूर मारताना तो डाव्या कोपरावर पडला. काही दिवसांनी सकाळी उठला तर हात सुजून सरळ होईना. निदान झालं सांधा झिजल्याचं, आघातामुळे होणारा संधिवात. १९६५ च्या मार्चमध्ये एका सकाळी उठला तेव्हा आतल्या रक्तस्रावाने हात काळानिळा पडला होता. डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी सांगितलं की असंच चालू राहिलं तर एक दिवस हा हात निकामी होईल. त्यावर उपाय काय, तर सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जहाल मलम, दुखण्यावर कोडीन, सुजेवर ब्युटाझोलिडिन (हे औषध शर्यतीच्या घोड्यांनाही देत), आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात. हे सगळं करून त्या वर्षी त्याने ३३५ डाव टाकले. पुढच्या वर्षी ३२३, त्यात २७ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने.

१९६६ चे त्याचे आकडे : २७ विजय, ९ पराभव, ईआरए १.७३. आयुष्यातलं सर्वोत्तम वर्ष. १८ नोव्हेंबर १९६६ ला त्याने पत्रकारांना बोलावलं आणि खेळ सोडल्याचं सांगितलं. वय तीस. कारणही सरळ सांगितलं : बेसबॉलनंतर अजून पुष्कळ वर्षं जगायचंय आणि ती धडधाकट शरीराने जगायचीत. तोवर डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता. कोटाची डावी बाही त्याला आखूड करून घ्यावी लागली होती.

त्या बाहीपाशी मी अडकलो आहे.

---

बोरीबंदर

फार मनापासून लिहिलंय. मुलगा कसा आहे आता? डॉक्टरांना दाखवलंत का?

आमच्यासारख्यांसाठी थोडं उलगडून सांगाल का? ईआरए म्हणजे काय, नो-हिटर म्हणजे काय? आणि ३३५ डाव म्हणजे नेमके किती? क्रिकेटचा डाव डोळ्यांपुढे आला की हिशोब लागत नाही.

---

रॅरिटनकाठ

@बोरीबंदर, सोमवारची वेळ मिळाली आहे. तोवर चेंडूला हात लावायचा नाही असं सांगितलंय. रुसलाय.

डाव म्हणजे इनिंग : समोरच्या संघाचे तीन जण बाद झाले की संपला. एका सामन्यात प्रत्येक संघाचे असे नऊ. ईआरए म्हणजे दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी झालेल्या वगळून. तीनच्या आत आला तरी लोक नाव काढतात, याचा १.७३ होता. नो-हिटर म्हणजे पूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाला हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, जमू न देणं. त्याच्याही वर परफेक्ट गेम : हिट नाही, वॉक नाही, चूक नाही, सत्तावीस आले आणि सत्तावीस परत गेले.

पिचर ज्या उंचवट्यावरून टाकतो तो होम प्लेटपासून (जिथे फलंदाज उभा असतो) ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडा जवळ. चेंडू टप्पा घेत नाही, त्यामुळे सगळी करामत हवेतच करावी लागते. कोफॅक्सकडे दोनच हत्यारं होती. फास्टबॉलला बोटांनी इतकी उलटी फिरकी की चेंडू खाली यायला विसरला असं फलंदाजाला वाटावं. आणि कर्व्हला पुढच्या बाजूने फिरकी, जी डोक्याच्या उंचीवरून गुडघ्यापर्यंत कोसळायची. लेगस्पिनरचा टॉपस्पिन ज्यांनी बघितलाय त्यांनी तोच वेगवान गोलंदाजाच्या हातात कल्पून बघावा.

---

ट्रान्झिस्टर

मी १९७४ साली लॉस एंजेलिसला आलो. कोफॅक्सला खेळताना बघायचं नशिबात नव्हतं, पण बेसबॉल मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी त्याचा प्रत्येक महत्त्वाचा सामना सांगितला होता : विन स्कली. १९५० ते २०१६, ६७ मोसम एकाच संघाचं समालोचन. डॉजर स्टेडियममध्ये लोक समोर खेळ दिसत असतानाही कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे. डोळ्यांना दिसलेलं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पटायचं नाही. पुण्यात आम्ही बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन असंच ऐकायचो, म्हणून मला ते लोक पहिल्या दिवसापासून आपले वाटले.

९ सप्टेंबर १९६५, शिकागो कब्जविरुद्धचा परफेक्ट गेम. त्याच्या नवव्या डावाचं ध्वनिमुद्रण मिळतं, जरूर ऐका. त्या रात्री समोरच्या बॉब हेंडलीनेही आयुष्यातला सर्वोत्तम खेळ केला होता. दोन्ही संघ मिळून अख्ख्या सामन्यात हिट एकच, तीही हेंडलीविरुद्ध, आणि धावही एकच. ती धाव सुद्धा हिटवर आलेली नाही : लू जॉन्सनला वॉक मिळाला, बंटवर (बॅट नुसती लावून हळू सोडलेल्या चेंडूवर) तो पुढे सरकला, तिसरा बेस त्याने चोरला (फटका नसताना पळून गाठला) आणि कॅचरचा चेंडू दूर गेला म्हणून तो होम प्लेटवर पोचला.

आठव्या आणि नवव्या डावात आलेल्या सहाही जणांना कोफॅक्सने स्ट्राइकआउट केलं. स्कली मध्येच घड्याळाची वेळ सांगतात, रात्रीचे नऊ वाजून शेहेचाळीस मिनिटं, जणू कुंडलीसाठी जन्मवेळ टिपून ठेवावी तशी. शेवटचा फलंदाज हार्वी कुएन बॅट फिरवून चुकतो आणि त्यानंतर स्कली बराच वेळ काहीच बोलत नाहीत. नुसता लोकांचा आवाज. मी हे शेकडो वेळा ऐकलं असेल, तरी दर वेळी त्या गप्प राहण्यापाशी गळा दाटतो.

जून २०२२ मध्ये स्टेडियमबाहेर कोफॅक्सचा पुतळा बसला, जॅकी रॉबिन्सन यांच्या पुतळ्याजवळ. नातवाला घेऊन गेलो होतो.

---

नवगावची

मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, माहेर अलिबागकडचं. बेसबॉल मला कळत नाही, पण सँडी कोफॅक्स हे नाव आमच्या घरात लहानपणापासून आहे.

ऑक्टोबर १९६५. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना मिनेसोटात ६ तारखेला, आणि त्याच दिवशी योम किप्पूर, आम्हा ज्यूंचा उपासाचा सर्वांत पवित्र दिवस. कोफॅक्सने सांगितलं की मी त्या दिवशी टाकणार नाही. तो ज्यू, पण फारसा कर्मठ नव्हता, आणि या गोष्टीचा त्याने कधी गवगवाही केला नाही. त्याच्याऐवजी संघातला दुसरा पिचर डॉन ड्रायस्डेल याने टाकलं आणि त्याची धुलाई झाली. मॅनेजर त्याला बाहेर काढायला आले तेव्हा तो म्हणाला म्हणे, आज मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं असं वाटत असेल ना तुम्हाला.

कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. योम किप्पूरला आमच्याकडे दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपास करून दिवसभर घरात बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. माझी आजी सांगायची, त्या दिवशी शेजारचे लोक आपल्या पोरांनाही आमच्या अंगणात ओरडू देत नसत. कोणी कायदा केला नव्हता. इतकी वर्षं घाणा शनिवारी बंद असलेला बघून गावाला समजलं होतं.

म्हणून मला कोफॅक्सच्या त्या नकाराचं इतकं अप्रूप आहे. कामाला नाही म्हणणं सोपं नसतं, विशेषतः ते काम आपल्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला येत नसताना. मुलाला माझे आशीर्वाद सांगा.

---

रॅरिटनकाठ

नवगावचीताई, हे मला कुठेच वाचायला मिळालं नसतं. बायकोला वाचून दाखवलं.

त्या सिरीजचं पुढे काय झालं तेही सांगतो. दुसरा सामना कोफॅक्स हरला. पाचवा जिंकला, एकही धाव न देता. सातवा आणि शेवटचा १४ ऑक्टोबरला, मिनेसोटातच. मध्ये विश्रांती फक्त दोन दिवसांची. सुरुवातीलाच लक्षात आलं की कर्व्ह पडतच नाहीये, कोपर साथ देत नाहीये. मग कॅचर जॉन रोझबरो आणि त्याने जवळपास सगळा सामना फास्टबॉलवर काढला. पुढे काय येणार हे समोरच्यांनाही कळत होतं. तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, २-० विजय. यातही लू जॉन्सनच : एक होमरन (मैदानाबाहेर मारलेला चेंडू) त्याचा.

---

मध्यमगती

लेख आवडला, पण थोडं विरुद्ध बोलतो.

पहिलं, आकडे. १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम उघडलं, ते पिचरांच्या फायद्याचं मैदान. १९६३ पासून स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू पिचरच्या बाजूने मोजतात ती) मोठा केला. पिचरचा उंचवटा तेव्हा १५ इंच होता, तो १९६९ मध्ये १० इंचांवर आणावा लागला, कारण फलंदाजांना धावाच करता येईनात. कोफॅक्स मोठाच, पण काळही त्याच्या बाजूने होता.

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या सातव्या सामन्याची गोष्ट आपण सगळे फार कौतुकाने सांगतो. मी शाळेत क्रिकेट शिकवतो. पाठीत कळ येत असताना 'टाकतो सर' म्हणणारी पोरं मी रोज बघतो, आणि ती असल्याच गोष्टी ऐकून वाढलेली असतात. दोन दिवसांच्या विश्रांतीवर, औषधं घेऊन, कर्व्ह पडत नसताना त्याला टाकायला लावलं हे शौर्य की त्याच्या संघाचा निष्काळजीपणा? त्याने तिसाव्या वर्षी सोडलं म्हणून आपण त्याला शहाणा म्हणतो. माझ्या मते दोन वर्षं उशीर झाला होता.

---

ट्रान्झिस्टर

मध्यमगती, मैदानाबद्दलचं मान्य. पण त्याच मैदानावर, त्याच उंचवट्यावरून समोरच्या संघाचे पिचरही टाकत होते.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र मला तितकी खात्री नाही. त्याला कोणी टाकायला लावलं असं मला वाटत नाही. त्याला स्वतःलाच टाकायचं होतं. १९६६ चा शेवट बघा. २ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया, लीग जिंकायची तर हा सामना हवाच, पुन्हा दोनच दिवसांची विश्रांती. कोफॅक्सने पूर्ण सामना टाकून जिंकून दिला. चारच दिवसांनी बाल्टिमोरविरुद्ध त्याचा शेवटचा सामना. समोर वीस वर्षांचा जिम पामर. सेंटरफील्डला विली डेव्हिसच्या हातून एकाच डावात तीन चुका झाल्या, डॉजर्स हरले. कोफॅक्स डगआउटमध्ये (मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांकडे) परतला आणि विलीच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात आता थांबणार हे त्याचं आधीच ठरलं होतं.

---

सातबारा

उशीर का झाला याचं एक उत्तर पैशातही आहे, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तेव्हाच्या करारात एक कलम असायचं, ज्याने खेळाडू आयुष्यभर एकाच संघाला बांधलेला राहायचा. संघ देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. १९६६ मध्ये सर्वांत कमी पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. कोफॅक्स आणि ड्रायस्डेल यांच्या लक्षात आलं की व्यवस्थापक बझी बवेसी प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा सांगून खाली ओढतायत. मग दोघांनी ठरवलं की करार करू तर दोघं मिळून. मागणी केली तीन वर्षांचे दोघांचे मिळून दहा लाख डॉलर, आणि बोलणी करायला वकील ठेवला. त्या काळात खेळाडूने वकील आणणं हाच अपमान समजला जायचा.

बत्तीस दिवस दोघं शिबिरापासून दूर राहिले. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० मिळाले, वर्षाचेच. मागणीपेक्षा बरंच कमी, पण एकट्याने भांडून जे मिळालं असतं त्याहून जास्त. त्याच वर्षी मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले आणि डिसेंबर १९७५ मध्ये ते बांधून ठेवणारं कलम लवादाने मोडीत काढलं. ज्या दोन पिचरांच्या दाव्यावर तो निकाल लागला त्यातला अँडी मेसरस्मिथ डॉजर्सचाच.

कोफॅक्सला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूने त्याच संघाशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला आणि कोपराचं ऑपरेशन झालेलं असूनही कोणी त्याला घाई केली नाही. कोफॅक्सने एक वर्ष विश्रांती मागितली असती तर त्या वर्षाचा पगार कोणी दिला असता?

---

अस्थिशल्य

पुण्यात हाडांचा डॉक्टर आहे. खांदा आणि कोपर हेच काम.

पिचरचा हात मागे पूर्ण वळून पुढे येतो तेव्हा दंड सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत फिरतो. पुढचा हात मागे रेंगाळतो, आणि कोपराची आतली बाजू फाकवली जाते. ती धरून ठेवते एक छोटीशी अस्थिबंध पट्टी. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे भार कंबर, पाठ आणि गुडघ्यावर जातो. म्हणून मध्यमगतींची पोरं पाठ धरून येतात आणि अमेरिकेतली कोपर धरून.

कोफॅक्सच्या काळात एमआरआय नव्हतं. क्ष-किरणांत हाड दिसतं, अस्थिबंध दिसत नाही. कर्लन यांचे सहकारी फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला डॉजर्सच्याच टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्या दुसऱ्या मनगटाजवळचा एक स्नायुबंध काढून बसवला. हाडात भोकं पाडून त्यातून तो आठच्या आकड्यासारखा ओवला. टॉमी जॉन दीड वर्षाने परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. कोफॅक्स थांबला त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवा; मधोमध दोरीसारखं जे वर येतं तेच ते. काही जणांना ते जन्मतःच नसतं, आणि त्यांचं काही अडतही नाही.)

रॅरिटनकाठ, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तेराव्या वर्षी हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधापेक्षा नाजूक असते, त्यामुळे आधी तिलाच इजा होते. वेळेवर थांबलं तर सहसा पूर्ण बरं होतं. अमेरिकेत या वयासाठी मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, वर्षातले निदान चार महिने फेकणं पूर्ण बंद. पिचिंग नसेल तेव्हा कॅचर म्हणून उभं करायचं नाही. एकाच मोसमात दोन संघांकडून खेळायचं नाही. तुमचा मुलगा यातलं काय काय करतो?

---

रॅरिटनकाठ

डॉक्टर, प्रामाणिकपणे सांगतो. शाळा आणि क्लब, दोन संघ. चेंडू दोन्हीकडे वेगवेगळे मोजतात, बेरीज कोणीच करत नाही. शनिवारी पिचर, रविवारी कॅचर. हिवाळ्यात बंदिस्त जागेत सराव, म्हणजे बाराही महिने. प्रशिक्षकांना दोष देत नाही. वेळापत्रक माझ्याच फोनमध्ये होतं, गाडी मीच चालवत होतो.

मध्यमगती, तुमच्या म्हणण्यावर दोन दिवस विचार करतोय. तुमचं पटलं, आणि ट्रान्झिस्टरकाकांचंही पटलं. कोफॅक्स एकोणतिसाव्या वर्षी स्वतः ठरवून त्या सातव्या सामन्याला उभा राहिला आणि तिसाव्या वर्षी स्वतःच ठरवून थांबला. तो त्याचा हात होता. तेरा वर्षांच्या मुलाला ते ठरवता येत नाही. त्याने चमचा डाव्या हातात घेतला, एवढंच त्याला सांगता आलं.

---

उन्हाळपाखरू

भारतातून कोणी पिचर झालंय का?

---

सातबारा

@उन्हाळपाखरू, २००८ साली एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघंही भालाफेक करणारे. अमेरिकेत शिकून त्याच वर्षी त्यांनी पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला. मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत, पण खालच्या लीगमध्ये खेळले. रिंकू डावखुरा, आणि त्यालाही पुढे कोपराच्या ऑपरेशनला सामोरं जावं लागलं.

---

बोरीबंदर

आणि खेळ सोडल्यावर कोफॅक्सने काय केलं? वास्तुशास्त्र?

---

ट्रान्झिस्टर

काही वर्षं टीव्हीवर समालोचन केलं, ते त्याला मानवलं नाही, करार संपायच्या आधीच सोडून दिलं. १९७२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) निवड झाली, वय ३६, इतक्या लहान वयात दुसरं कोणी निवडून आलेलं नाही. मेन राज्यात खेड्यात घर घेऊन राहिला. १९७९ पासून दहाएक वर्षं डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या पोरांना पिचिंग शिकवलं. ज्या लीगमध्ये त्याला स्वतःला शिकायला मिळालं नव्हतं, तिथेच.

---

रॅरिटनकाठ

बरेच दिवसांनी येतोय, माफ करा.

डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं तसंच निघालं. वाढीच्या कूर्चेला सूज, हाड सरकलेलं नाही. सहा आठवडे फेकणं बंद, मग फिजिओथेरपी, आणि पिचिंग पुढच्या वसंतापर्यंत नाही. क्लबाला कळवलं. एक संघ सोडला.

पहिले पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. एका संध्याकाळी मी स्कलींचा तो नववा डाव लावून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "बाबा, हा बोलायचा का थांबला?"

गेल्या शनिवारी पहिल्यांदा मैदानात उतरला. फर्स्ट बेसवर, कारण तिथे फेकावं कमी लागतं आणि झेलावं जास्त. जाताना मला म्हणाला, कोफॅक्सपण आधी इथेच उभा राहायचा ना. सात चेंडू आले, सातही धरले. घरी आल्यावर वरणभात उजव्या हाताने खाल्ला.